पुलाखालची पट्टी

सकाळी आठला मी पुलावर जातो.
खांबावर रंगवलेली पट्टी वाचतो,
वहीत लिहितो : एक मीटर वीस. शेरा : ढगाळ.
सत्तावीस वर्षं हेच.
वाळवंटीला तिची उंची विचारायची
आणि ती सांगेल ते साखळीच्या नावावर मांडायचं.

आमचं आडनाव तारी.
वल्ह्याने मात्र माझा हात कधी ओळखला नाही.
बाबा सांगत, समुद्र इथवर येतो,
बंदराच्या तिसऱ्या पायरीला हात लावतो
आणि उंबऱ्यावरूनच परतणाऱ्या पाहुण्यासारखा
मागे फिरतो.
पायरीखाली खारट, पायरीवर गोड.
मधे जिथे चव ठरत नाही
तिथे गाव बसलं.

भरतीबरोबर मीठ वर यायचं,
ओहोटीबरोबर सुपारी खाली,
आणि चोर्ल्याच्या घाटातून बैलांच्या पाठीवर उतरलेली मिरची.
शेवंता मिठगावडीण काट्याकडे न बघता तोलायची.
जकात चौकीवरचा कायतान
प्रत्येक पोत्यात सळई खुपसायचा,
टोक जिभेला लावायचा.
एकदा मिरचीचं पोतं निघालं.
त्या दिवशी पाकलो सरकारचा तो शिपाई
भरतीचं खारं पाणी ओंजळीने पीत होता.
बाबा हे दरवेळी सांगत
आणि दरवेळी तितकंच हसत.

मग एका डिसेंबरात
कायतान चौकीला कुलूप न लावताच गेला.
टोपी खुंटीवर राहिली.
परत मागायला येईल म्हणून बाबांनी
तीन पावसाळे ती कोरडी जपली.
चौथ्या पावसाळ्यात तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली.

मग डोंगर खाली येऊ लागले.
आधी ट्रकांतून, नंतर ओहळांतून.
दोरीवरचे कपडे लाल,
इस्माईल करोलच्या दुकानातल्या हिरव्या बांगड्या
फुंकल्याशिवाय हिरव्या दिसेनात.
पैसा आला. खोटं कशाला बोलू,
माझ्या घराचा स्लॅब त्याच धुळीचा आहे.
भाऊ चार ट्रकांचा मालक झाला,
मग चार ट्रकांच्या हप्त्यांचा.
खाणी थांबल्या तेव्हा
चाकांतून कारल्याचे वेल चढले.
कारली मात्र चांगली लागली.

शेवटची होडी कौलं घेऊन आली
की नारळ घेऊन गेली,
यावर बाजारातल्या हॉटेलात अजून वाद आहे.
आता त्रिपुरारीच्या पुनवेला आम्ही हातभर होड्या करतो,
दिवे लावून पाण्यात सोडतो. बक्षीसही असतं.
बाबा डोळे गेल्यावरही काठावर येऊन बसत,
एकेक होडी मांडीवर घेऊन चाचपत.
'ही नाकावर जड.'
ती बुडायचीच.

मोठ्या पुरात पट्टीच बुडाली.
मी औषधवाल्या नाटेकरांची भिंत वाचली.
दर पुरानंतर ते निळ्या खडूने रेघ मारतात
आणि दिवाळीला रंगारी आला
की तेवढा पट्टा सोडून रंगवायला सांगतात.

गेल्या मे महिन्यात पणजीहून इंजिनीअर मुलगी आली.
प्रज्वला. पायात गमबूट.
खांबापाशी तिने बांबू खुपसला.
बांबू उतरतच गेला.
म्हणाली, 'काका, तुमचं शून्य गाळाखाली आहे.
वरचा सबंध मीटरही मातीतच.'

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
वहीत गाळाला रकाना नव्हता.
रोज सकाळी मी डोंगराची उंची लिहीत होतो,
वर वीतभर नदी.

भरती लागत होती.
तिसरी पायरी कुठे असेल
याचा अंदाज घेत मी वाकलो,
ओंजळ भरली, जिभेला लावली.
तिला वाटलं, मला तहान लागली.
तिने पिशवीतून बाटली काढली.

दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ.
एक मीटर पंधरा.
शेरा : खारट.